मागं येऊन ओढलेलं कुलूप

आमच्या गल्लीत एकीच्या अंगात यायचं. एकदा सगळ्या बायका तिच्यापुढं हात जोडून बसल्या होत्या, तेव्हा मी विचारलं, "देवी आलीयास न्हवं, मग आमच्या म्हशीचं नाव सांग." सांगता आलं नाही. उलट माझ्यावरच डोळे वटारले. तेव्हापासून असल्या ठिकाणी मला कुणी बोलवत नाही... आणि माझं काही अडलंही नाही.

हे आधी सांगते, म्हणजे मी कसली बाई आहे ते तुम्हाला कळावं. इथं लोक भुताखेतांचे अनुभव लिहितात ते माझी सून मला वाचून दाखवते. निम्म्या मला थापा वाटतात. वडाचं झाड, पांढरी साडी, पैंजण... भुतांना दुसरे कपडे मिळत नाहीत काय? पण गेल्या वर्षी आमच्या घरात जे झालं ते भर सकाळी झालं, चहाची कपबशी माझ्या हातात होती आणि घरातली सगळी माणसं जागी होती. म्हणून लिहिते. मी चौथी पास. मी कागदावर लिहिलं, सुनेनं टाईप केलं. तिनं शुद्धलेखन सुधारलं आणि दोन शिव्या काढल्या. बाकी सगळं माझं.

आमचं घर उचगावात, हायवेपासून जरा आत. खाली दोन खोल्या, वर एक. घरात मी, मुलगा सुनील, सून वैशाली आणि त्यांची लहान मुलगी. सुनील शिरोली एमआयडीसीत लेथवर आहे. वैशाली गडहिंग्लजची, चांगली शिकलेली. पुण्याच्या एका कंपनीचं काम ती घरूनच करते, वरच्या खोलीत लॅपटॉप लावून.

तिचं काम काय, हे कळायला मला बरेच दिवस लागले. गावोगावी दूध घालायची केंद्रं असतात ना, तिथं आता मशीन असतं. दुधाचं माप, फॅट, सगळं ते मशीन मोजतं आणि इंटरनेटवरून थेट हेड ऑफिसला कळवतं. हे कळवणं कुलपात चालतं. म्हणजे वाटेत कुणी कान लावला तरी त्याला काही समजू नये, आणि कुणी मधेच आकडा बदलू नये. त्या सगळ्या मशीनची कुलपं नीट लागली आहेत का, यावर लक्ष ठेवायचं, हे वैशालीचं काम. तिच्या स्क्रीनवर गावांची नावं एकाखाली एक, आणि प्रत्येकापुढं एक चिमुकलं कुलूप. हिरवं असलं की ठीक. पिवळं झालं की बघायचं. लाल झालं की धावायचं.

मला ते आवडायला लागलं. दुपारी मी लसूण सोलायला वरच जाऊन बसायची. तिचं जेवण चालू असलं की मी राखण करायची.

"वैशाली, नेसरी पिवळं झालं गं."

"लाईट गेली असंल आत्ती, येतंय आपोआप."

"आलं. झालं हिरवं."

"आत्ती, तुमाला पगार चालू करायला सांगते साहेबांना."

"सांग की. तुझ्यापरीस माझी नजर बरी हाय."

आमचे हे एका फाउंड्रीत वॉचमन होते. वैशाली या घरात यायच्या आधीच गेले. तिनं त्यांना फक्त फोटोत बघितलंय. आमचं काही फार गोडीगुलाबीचं नव्हतं. ते कमी बोलायचे, मी जास्त. पण एक सांगते, कुलपाच्या बाबतीत तो माणूस येडा होता. सुट्टीच्या वारी कारखाना बंद असला की मी डबा घेऊन जायची, तेव्हा त्यांची फेरी बघायची. एका दाराचं कुलूप ओढून बघायचे. पुढच्या दाराला जायचे, ते ओढायचे. मग परत मागं येऊन पहिलं पुन्हा ओढायचे. मग तिसऱ्याला. तिथनं परत दुसऱ्याला. असं अख्खं कंपाउंड. चार दारं झाली की उभं राहून तंबाखू मळायची, मग पुढं. कामगार त्यांना 'रिव्हर्सदादा' म्हणायचे. मी म्हणायची, "सरळ फिरला असता तर आतापातूर दोन फेऱ्या झाल्या असत्या." ते म्हणायचे, "पुढचं बघायला गेलं की मागचं मनातनं जात न्हाय."

ते गेल्यावर ती खोड मला लागली. घराला कुलूप लावायचं, ओढायचं, कोपऱ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. ज्या माणसाला जन्मभर नावं ठेवली त्याचंच करायला लागले. लोक हसायचे, हसू दे.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. वैशाली अजून कायम झाली नव्हती. कायम झाली तर घरूनच काम, नाहीतर सुनील आणि ती पुण्याला जाऊन नवीन नोकऱ्या बघणार, पोरगीही तिकडंच शाळेत घालणार, असं ठरलं होतं. मी पुण्याला जाणार नव्हते. त्या लोकांना रस्सा पातळ आणि गोड लागतो, आणि शेजारी कोण राहतं हे कुणाला माहीत नसतं. म्हणजे तिची नोकरी गेली तर या घरात मी एकटी. हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. बोलून काय होतंय?

त्या दिवशी सकाळचं दूध आटपायची वेळ. मी चहा घेत होते, सुनील डबा भरत होता. वैशाली वरनं उतरली ती फोन हातात धरूनच, स्पीकर चालू. पुण्याचे साहेब मोठ्यानं बोलत होते.

"वैशाली मॅडम, तुमच्या घरच्या लाईनवरून कोणीतरी एकेक मशीन चाळवतंय. पहाटेपासून. तुम्ही करताय का?"

"न्हाय सर. मी आत्ताच लॉगिन केलं."

"मग घरात कोण आहे?"

"सासूबाई, मिस्टर आणि मुलगी."

"मिस्टर काय करतात?"

सुनील डबा ठेवून म्हणाला, "लेथ चालवतो साहेब. कॉम्प्युटर मला चालूसुदिक करता येत न्हाय."

साहेब काही हसले नाहीत. म्हणाले, "मलकापूरकडच्या एका केंद्राची लाईन तर अडवूनच धरलीय. सकाळच्या दुधाचे आकडे हेड ऑफिसला आलेलेच नाहीत. वरचे लोक मला विचारताहेत. संध्याकाळपर्यंत मला कारण सांगा, नाहीतर तुमचं लॉगिन बंद करावं लागेल. पुढचं मग माझ्या हातात नाही."

फोन ठेवला आणि वैशाली जिन्यावरच बसली. तोंड पांढरंफटक.

सुनीलनं घरातलं एकेक काढायला सुरुवात केली. टीव्हीचं बटण बंद. माझा फोन, त्याचा फोन बंद. पोरगीचा टॅब बंद, तिनं भोंगा लावला. वैशालीनं लॅपटॉप तिच्या मोबाईलच्या नेटवर घेतला आणि शेवटी भिंतीवरच्या वायफायच्या डब्याची वायरच काढली. त्याचे दिवे विझलेले मी बघितले. तिनं साहेबांना फोन लावला.

"सर, राउटर बंद केला. आता घरातली लाईनच बंद हाय."

मग साहेब म्हणाले, "मॅडम, मला अजून दिसतंय. तुमच्याच लाईनवरून."

"सर, वायर माझ्या हातात हाय."

"मला जे दिसतंय ते मी सांगतोय."

सुनीलनं डब्याकडं बघितलं, वायरकडं बघितलं, आणि कामावर जायचं सोडून खाली बसला. मी चहा संपवला. खोटं कशाला सांगू, मला भीती वाटली नाही. राग आला. पोरीची नोकरी जायची वेळ आली आणि कारण कुणाला माहीत नाही, हे काय काम झालं?

आम्ही वर गेलो. मशीनला कुणी कधी हात लावला हे सगळं कॉम्प्युटर आपोआप टिपून ठेवतो, त्याला ती लॉग म्हणते. ती ते मोठ्यानं वाचायला लागली. मला ऐकवायला नव्हे, तिची ती सवय आहे.

"कुणीतरी प्रत्येक मशीनला खोटं ओळखपत्र दाखवायलंय. मशीन न्हाय म्हणालं की गुमान पुढं जायलंय. घेत काहीच न्हाय, नुसतं बघतंय."

"म्हणजे ओढून बघतंय," मी म्हणाले.

"तसंच म्हणा. पण आत्ती, हे स्कॅन असलं कसलं? स्कॅन सरळ वरनं खाली जातं. हे बगा, कागल. मग मुरगूड. मग परत कागल. मग गडहिंग्लज, आणि परत मुरगूड. मग नेसरी, परत गडहिंग्लज..."

माझ्या हातातली लसणाची पाटी मी खाली ठेवली.

"पुढं वाच."

"पुढं... काहीच न्हाय. बराच वेळ थांबलंय. मग परत चालू. चार झाली की थांबायलंय. कशाला थांबतंय?"

"तंबाखू मळत असंल."

वैशालीनं माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत पाणी होतं आणि हसूही आवरेना. "आत्ती, माझी नोकरी चाललीया आणि तुमी चेष्टा करायलाईसा!"

"चेष्टा न्हाय. सुन्या, तुझा बाप फेरी कशी मारायचा सांग हिला."

सुनील दारात उभा होता. त्यानं बोटानं हवेतच दाखवलं... एक, दोन, परत एक. तीन, परत दोन. मग तो खाली गेला आणि मला नळाचा आवाज ऐकू आला. तोंड धूत असावा.

वैशाली म्हणाली, "मामंजी?"

"मला काय म्हायत? मी म्हणत न्हाय तसं. फेरी त्यांची हाय एवढंच म्हणते. शेवटी कुठं गेलंय ते सांग."

"शेवटी मलकापूरकडची ती वाडी." त्या वाडीचं नाव मी लिहीत नाही, उगाच लोक त्यांना चिडवतील. "तिथं अडकून बसलंय. पुढं गेलंच न्हाय. कनेक्शन धरून ठेवलंय, पण आतलं काहीच वाचलेलं न्हाय. नुसतं धरून उभं हाय."

तेव्हा मला ती गोष्ट आठवली. फाउंड्रीच्या स्टोअरचं कुलूप एकदा त्यांनी ओढलं आणि ते हातातच आलं. आत भंगार होतं, तांबं होतं. हे काय करावं? कुणाला हाक मारायला जायचं म्हणजे दार उघडं टाकायचं. म्हणून पाठ दाराला लावून उभे राहिले ते पुढची पाळी येईपर्यंत. मी घरी भाकरी करून वाट बघत होते. आल्यावर मी इतकी बोलले... त्यांनी एवढंच म्हटलं, "उघडं दार सोडून कसं यायचं?"

ते मी वैशालीला सांगितलं आणि म्हणाले, "तिथलं कुलूप उघडं हाय. बघ."

"हिरवं हाय आत्ती. ह्ये बगा, हिरवंगार."

"हिरवं असू दे. लांबनं लागलेलंच दिसतंय. हात लावून बघ."

ती तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली. पण बघितलं. बराच वेळ टकटक केलं, आणि मग तिचे हात थांबले.

"आई गं..."

मला समजलं ते असं. कुलूप होतं, पण ते मशीन किल्ली कुणाची आहे हे विचारायचंच बंद झालं होतं. कुणीही कसलंही ओळखपत्र दाखवावं आणि त्यानं 'या' म्हणावं. आणि तिच्या स्क्रीनला फक्त कुलूप आहे एवढंच कळत होतं, म्हणून ते हिरवं. वैशालीनं लगेच त्या केंद्रावर फोन लावला. तिथले सेक्रेटरी उचलल्या उचलल्या बोलायला लागले.

"बोला ताई, दूध जायना झालंय सकाळधरनं!"

"पावणं, मशीनची सेटिंग कुणी बदलली?"

"कुणी न्हाय."

"खरं सांगा."

"आता खरं म्हणजे... ताई, ते मशीन रोज बोंबलतंया. ओळखपत्र पटत न्हाय, ओळखपत्र पटत न्हाय. हिकडं रांगत माणसं किटल्या घेऊन उभी. म्हातारी माणसं शिव्या घालायलीत. दूध काय थांबतंय व्हय? मग मोबाईलच्या दुकानवाल्याकडनं त्याचं तोंड बंद करून घेतलं. गेल्या हप्त्यात. तवापासनं लई शाणं झालंय बगा, काय बोलत न्हाय!"

मी मागनं ओरडले, "अवं पावणं, कुत्रं भुंकतंय म्हणून कुत्र्याचं तोंड बांधलासा काय?"

"कोण बोलतंय?"

"तिची सासू."

"बरं बरं," म्हणाले.

आता खरी गोष्ट पुढं आहे. वैशाली त्या मशीनचं पहाटेपासूनचं सगळं बघत होती. ती एकदम म्हणाली, "आत्ती, दारात अजून एकजण होता."

त्या मशीनला बाहेरून कुणीतरी बोलवत होतं. आमच्या घरचा नव्हे, लांबचा कुठला तरी पत्ता, तिला त्याचा ठावठिकाणा लागेना. पहाटेपासून परत परत. खोटं ओळखपत्र घेऊन. ते मशीन जुनं, एका वेळी एकाशीच बोलतं. आणि त्याला आधीच कुणीतरी धरून ठेवलं होतं... म्हणून प्रत्येक वेळी त्या बाहेरच्याला उत्तर गेलं, की लाईन बिझी आहे. आत शिरला असता तर अख्ख्या वाडीच्या दुधाचे आकडे त्याच्या हातात. आणि त्या मशीनमधून पुढं हेड ऑफिसचा रस्ताही होता, असं वैशाली म्हणते.

तिनं साहेबांना फोन केला, सगळं दाखवलं. साहेबांचा आवाजच बदलला. "मॅडम, आधी ते दार लावा. बाकीचं नंतर."

तिनं लावलं. म्हणजे सेक्रेटरींना फोनवर एकेक बटण सांगत, मशीनला नवीन ओळखपत्र बसवलं आणि विचारणं परत चालू केलं. सेक्रेटरी प्रत्येक बटणाला "दाबलं की ओ" म्हणत होते. जसं ते चालू झालं, तसं ते धरून ठेवलेलं कनेक्शन आपोआप सुटलं. वैशालीनं सोडवलं नाही, साहेबांनीही नाही. बाहेरचा आला, मशीननं त्याला ओळखलं नाही, हाकलला. मग परत आला नाही.

आम्ही दोघी स्क्रीनकडं बघत होतो. नवीन ओळ उमटली. आमच्याच लाईनवरून... वायर अजून टेबलावर पडलेली. त्या वाडीला हात लावला. मशीन नाही म्हणालं.

"गेलं पुढं," वैशाली हळूच म्हणाली. "बांबवडे."

"थांब."

परत वाडी. परत नाही.

आणि मग काहीच नाही. फेरी संपली होती. ती यादीतली शेवटची दोन नावं होती.

वैशालीनं माझा हात धरला होता, ते मला मग कळलं. मी म्हणाले, "सोड, लसूण राहिलाय."

सुनील त्या दिवशी उशिरा कामावर गेला. जाताना बापाच्या फोटोपुढं उभा राहिला नाही किंवा काही नाही, आमच्यात तसलं चालत नाही. पण पायऱ्या उतरून परत आला आणि गेटची कडी हलवून बघितली.

दुपारी हेड ऑफिसला त्या वाडीचं दूध पोचलं, थेंबन् थेंब. साहेबांनी त्या मशीनवर आधी संशय घेतला, मग आमच्या राउटरवर, मग नेटवाल्यांवर. नेटवाल्यांचा माणूस येऊन डबा उघडून बघून गेला, चहा पिऊन गेला, काही सापडलं नाही. अहवालात 'कोणत्या उपकरणाने' असा एक रकाना असतो म्हणे. तिथं काय लिहू, असं वैशालीनं मला विचारलं.

"वॉचमन लिही."

तिनं 'अज्ञात' लिहिलं. शिकलेली माणसं.

त्यानंतर कंपनीनं कामाची पद्धतच बदलली. आता नुसतं कुलूप दिसतंय का एवढ्यावर भागत नाही, रोज प्रत्येक मशीनला मुद्दाम खोटं ओळखपत्र दाखवून बघायचं, घेतंय का ते. हे वैशालीनं सुचवलं. ती कायम झाली. पेढे वाटले. वाडीच्या सेक्रेटरींनी एसटीनं खव्याचा पुडा पाठवला, वर निरोप, "सासूबाईंना नमस्कार सांगा." पोरगी इथल्याच शाळेत जाते. वरच्या खोलीत दुपारी मी अजून राखण करते.

लोकांनी बरंच सांगितलं. शेजारीण म्हणाली, शांती करा. कशाची शांती? ज्यानं काम केलं त्याला हाकलून द्यायचं? साहेबांना वाटतं, कुठला तरी तपासणीचा प्रोग्राम जुन्या आठवणीवर चालला असेल. मी म्हणाले, असेल की. पण वायर काढल्यावर तो कशावर चालला, हे त्यांनाही सांगता येत नाही. आणि चार झाल्यावर थांबायला त्या प्रोग्रामला कुणी शिकवलं, हे मला कळत नाही. वैशालीनं ते सगळं जपून ठेवलंय, कुणाला बघायचं असेल तर बघा. उत्तर सापडलं तर मलाही सांगा. मी अजूनही म्हणत नाही की ते आले होते. भुतावर माझा विश्वास नाही, आणि ह्यांना तर साधा मोबाईलही धड वापरता येत नव्हता.

फक्त एक फरक पडलाय. बाजारला जाताना मी दाराला कुलूप लावते, एकदा ओढून बघते आणि चालू लागते. कोपरा येतो. आता मी मागं फिरत नाही.